माईचा सहावा हिस्सा

ती वायरमन होती. वायरमनची मुलगी तर होतीच, पण स्वतःही वायरमन. लोक फोनवर "वायरमनला पाठवा" म्हणायचे आणि दारात खांद्याला कॅनव्हासची पिशवी लावलेली, पिकत चाललेल्या केसांची एक ठेंगणी बाई उभी राहिली की तिच्या मागे जिन्यावर कुणी पुरुष येतोय का ते बघायचे.

"मीच," ती म्हणायची आणि सरळ मीटरकडे जायची.

घरात ती माई. तीन बहिणींतली मधली. लहानपणी थोरली सदा पुस्तकात डोकं घालून बसलेली, धाकटी अजून बोबडं बोलणारी, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर कामावर जायला उरायची ती माई. आधी नुसती शिडी धरायला. मग पक्कड दे, पट्टी दे असं करत करत बाराव्या वर्षी तिनं पहिला होल्डर बसवला आणि विशीत, वडिलांचे हात थरथरायला लागल्यावर, त्यांची गिऱ्हाइकं तिच्याकडे आली. लग्नाचं दोन-तीनदा बघून झालं, जमलं नाही, आणि न जमल्याची तिनं फारशी खंतही केली नाही. एका छापखान्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या भाड्यानं घेऊन ती राहायची.

थोरली, म्हणजे ताई, शाळेत गणित शिकवायची. अख्ख्या शाळेला तिचा धाक. धाकटीचं औषधांचं दुकान, हाताखाली तीन माणसं, केस कापलेले, चष्मा महागाचा. पण वयाची पंचेचाळीशी जवळ आली तरी घरात तिचं नाव छोटीच राहिलं.

तर या तिघींनी मिळून एक घर घेतलं, त्याची ही गोष्ट.

घर माईनंच हेरलं. एका म्हाताऱ्या घड्याळजीचं ते तीन मजली घर, मजल्यावर एकेक बिऱ्हाड, वर गच्चीत एक खोली. घड्याळजी मुलीकडे राहायला जाणार होता आणि विकायच्या आधी निदान दिवे तरी लागावेत म्हणून त्यानं माईला बोलावलं होतं. माईनं चार स्विच उघडून बघितले आणि भिंतीवर थाप मारून बघितली. वायरिंग पार कुजलेलं, पण भिंती दगडासारख्या. त्याच संध्याकाळी ती ताईकडे गेली.

"ताई, एक घर आहे. दिसायला भिकार, आतून ठणठणीत. तिघींनी घेतलं तर परवडेल. भाड्यानं देऊ, म्हातारपणी आधार होईल."

ताईनं कागद ओढला. कुणाकडे किती, ते मांडलं. छोटीकडे दुकानाचं भांडवल होतं, तिनं अर्धी रक्कम घातली. ताईनं एक तृतीयांश. माईनं आयुष्यभराची शिल्लक खरवडून काढली तेव्हा कुठे सहावा हिस्सा भरला.

"बहिणी असलो तरी व्यवहार चोख हवा," ताई म्हणाली. "जिनं जितकं घातलं, तितकाच तिचा वाटा. वर्षाचं भाडं जमेल, खर्च वजा होईल, उरेल त्यातलं निम्मं छोटीचं, तिसरा हिस्सा माझा, सहावा तुझा. कबूल?"

"कबूल," माई म्हणाली. यात न कबूल करण्यासारखं काय होतं?

घर ताब्यात आल्यावर माईनं दोन महिने बाहेरची कामं बाजूला ठेवून सगळं वायरिंग नव्यानं केलं. मग भाडेकरू आले. तळमजल्यावर बेकरीत काम करणारं जोडपं आलं. ती दोघं पहाटे कामाला जायची आणि दुपारी येऊन झोपायची. पहिल्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर, कानाला यंत्र लावणारे, साधं बोलले तरी ओरडल्यासारखं वाटणारे. दुसऱ्या मजल्यावर ट्रम्पेट शिकवणारे एक मास्तर, सडपातळ, लाजरे, त्यांच्याकडे बघून एवढा आवाज यांच्यातून निघतो हे खरं वाटू नये.

या मंडळींना एका छपराखाली नांदवणं हे वायरिंगपेक्षा अवघड काम होतं, आणि तेही आपसूक माईकडेच आलं. बेकरीवाले दुपारी दोन ते चार झोपतात, म्हणजे तेव्हा ट्रम्पेट बंद. पोस्टमास्तर साडेचारला फिरायला निघतात, म्हणजे तेव्हा ट्रम्पेट सुरू. पोस्टमास्तरांचा नळ गळतो असं ते म्हणाले की नळ गळत नसतो, त्यांना कुणाशी तरी बोलायचं असतं. पाना घेऊन जायचं, नळाला हात लावल्यासारखं करायचं आणि अर्धा तास बसायचं. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. सगळं माईच्या डोक्यात.

वर्षातून एकदा, एका रविवारी सकाळी, तिघी ताईच्या जेवणाच्या टेबलाशी बसायच्या. भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, चहा करायचे आणि मग पेपर घेऊन आत जायचे, कारण ताईच्या हिशेबात मध्ये बोललेलं चालत नसे. ताई वही उघडायची, आकडे वाचायची, वही मिटायची. तीन पाकिटं टेबलावर यायची. एक जाड, एक मध्यम, एक पातळ. मग छोटी आणलेला केक कापायची आणि तिघी दुपारपर्यंत गप्पा मारत बसायच्या.

चौथ्या वर्षी मात्र माईला लागलं. त्या साली पहिल्या मजल्याच्या न्हाणीघराची भिंत ओलीनं फुगली होती. गवंड्याबरोबर अकरा दिवस ती तिथे राबली आणि बाहेरचं एक चांगलं काम हातचं गेलं. रविवारी पातळ पाकीट समोर आलं तेव्हा तिच्या मनात काहीतरी टोचलं. बोलावं असं वाटलं. पण बोलायला गेलं तर ते बिल लावल्यासारखं होईल, आणि बहिणींना कुणी बिल लावतं का? तेवढ्यात ताईनं वही मिटली, छोटीनं केकवर सुरी ठेवली, आणि ती वेळ निघून गेली. घरी येईपर्यंत ते टोचणं बोथट झालं. पुढची पाच वर्षं ते तसंच आत कुठेतरी पडून राहिलं, जुन्या खिळ्यासारखं, ज्याच्यावर काही टांगलेलं नसतं.

दहाव्या वर्षी माईला फोन आला. लांबच्या एका शहरात मोठं हॉस्पिटल उभं राहत होतं. ज्या कंत्राटदाराकडे तिनं अधूनमधून काम केलं होतं, त्याला तिथल्या सगळ्या वायरिंगवर नजर ठेवणारं माणूस हवं होतं. सहा महिने, हाताखाली चाळीस जण.

माईनं बहिणींना सांगितलं आणि लगेच म्हणाली, "पण घराचं कोण बघणार? नाहीच म्हणते त्यांना."

ताईनं चष्म्यावरून तिच्याकडे असं बघितलं की माई पुन्हा दहा वर्षांची झाली. "मधले, चाळीस माणसं तुझ्या हाताखाली असणार आणि तू नळ गळतो म्हणून इथे बसणार? मी निवृत्त झालेय, छोटीकडे गाडी आहे. एक घर चालवणं म्हणजे काय फार मोठी गोष्ट आहे?"

"अडलं तर फोन कर."

"अजिबात करणार नाही," ताई म्हणाली. मग छोटीकडे वळून, "आणि तूही करायचा नाहीस. तिला तिथे काम आहे."

माई गेली. आणि काय सांगावं, ते सहा महिने तिच्या आयुष्यातले सोन्यासारखे गेले. पहिल्या दिवशी एका तरण्याताठ्या कारागिरानं तिला "साहेब कधी येणार?" असं विचारलं, आणि आठवड्यानं तोच "बाई, एकदा बघून घ्या, मग मी प्लास्टरवाल्याला बोलावतो" असं म्हणायला लागला. तिनं दोन मजल्यांवर झालेलं काम उखडून पुन्हा करायला लावलं, कारण अर्थिंग तिच्या मनासारखं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात शस्त्रक्रियेच्या खोलीतला तो मोठा गोल दिवा पहिल्यांदा लावला, तेव्हा चाळीसही जण काम सोडून दाराशी गोळा झाले. खोलीभर सावलीच पडेना असा उजेड. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. माईनं वडिलांची आठवण काढली आणि मग सगळ्यांना चहा पाजला.

एकच गोष्ट तिला खात होती. सहा महिन्यांत बहिणींचा घराबद्दल एकही फोन आला नाही. रविवारी बोलणं व्हायचं, पण ताई हवापाण्याचं विचारायची, छोटी दुकानातले किस्से सांगायची. "घर कसं आहे?" असं विचारलं की दोघी एकच उत्तर द्यायच्या, "मजेत." माई खुर्चीत बसून विचार करायची. म्हणजे आपल्यावाचून काहीच अडलं नाही. नऊ वर्षं आपण उगीच स्वतःला मोठं समजत होतो. बरं झालं ते एका अर्थी. पण बरं वाटत मात्र नव्हतं.

खरं काय झालं होतं, ते तिला परत आल्यावर कळलं, तेही तुकड्यातुकड्यांनी आणि आधी पोस्टमास्तरांकडून, कारण त्यांना हळू बोलता येत नसल्यामुळे गुपित ठेवणंही जमत नसे.

ताईनं पहिल्याच आठवड्यात जिन्यात एक छापील कागद चिकटवला होता. "तक्रारी लेखी स्वरूपात, सोमवार ते शुक्रवार, चार ते पाच." पोस्टमास्तरांना लेखी तक्रारीचा आनंद झाला, आयुष्य कागदांत गेलेला माणूस. त्यांनी पंधरा दिवसांत नळाबद्दल नऊ अर्ज केले, प्रत्येकाला मागच्याचा संदर्भ क्रमांक. ताईनं चार वेळा प्लंबर पाठवला. प्लंबरला काही सापडेना. पाचव्या वेळी त्यानं नळच बदलला आणि दहावा अर्ज आला, की नवा नळ जुन्यासारखा नाही.

मग पाण्याचा पंप बंद पडला. छोटीनं दुकानाशेजारच्या माणसाला पाठवलं, त्यानं मान हलवत मोटार संपली असं सांगितलं आणि अख्खी नवी मोटार बसवून गेला. हे ऐकून माईनं कपाळावर हात मारला. पिटुकला कंडेन्सर गेला असणार, दोन कप चहाच्या किमतीचा.

पण खरा घोटाळा ट्रम्पेटचा झाला. ताईला वाटलं, सगळ्यांना सोयीचं असं वेळापत्रक असावं. शाळेच्या सवयीनं तिनं तास पाडले आणि ट्रम्पेट दुपारी दोन ते चार टाकलं, कारण तेव्हा पोस्टमास्तर कानाचं यंत्र काढून पडलेले असतात असं तिनं स्वतः जाऊन बघितलं होतं. तळमजल्यावर कोण झोपतं याचा तिला पत्ताच नव्हता. बेकरीवालीनं तिसऱ्या दिवशी लाटणं घेऊन दुसरा मजला गाठला. तिनं मारलं कुणालाच नाही, नुसती दारात उभी राहिली, पण मास्तर इतके लाजरे की महिना संपायच्या आत त्यांनी माफी मागणारी चिठ्ठी लिहून घर सोडलं. दुसरा मजला तेव्हापासून रिकामा होता.

"आणि दोघींपैकी एकीनंही मला सांगितलं नाही?" माईनं विचारलं.

"त्यांनी मला शपथ घातली होती," पोस्टमास्तर ओरडून म्हणाले. "तुला सांगायचं नाही म्हणून."

पुढच्या रविवारी नेहमीचा दिवस आला. माई ताईच्या घराच्या पायऱ्या सावकाश चढली. तिच्या जाण्यानं वर्षाचं नुकसान झालं होतं. तिघींच्या तोंडचं निम्म्याहून जास्त गेलं होतं, आणि ते गेलं तिच्या हौसेपायी. हॉस्पिटलच्या कामाचे पैसे तिच्याकडे होते. त्यातून भरून द्यावं, असं तिनं वाटेत ठरवून टाकलं होतं.

भावोजींनी चहा ठेवला. या वेळी ते आत गेले नाहीत, खुर्ची ओढून बसले. ताईनं त्यांना उठवलं नाही, तेव्हाच माईच्या लक्षात यायला हवं होतं की आज काहीतरी वेगळं आहे.

ताईनं आकडे वाचले. भाडं इतकं, पंपाचा खर्च इतका, प्लंबर पाच वेळा, रिकाम्या मजल्याचा तोटा. उरलं ते मागच्या वर्षीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं.

"ताई, हे माझ्यामुळे—" माईनं सुरुवात केली.

"थांब. माझं संपलेलं नाही." ताईनं वही मिटली नाही. तिच्या खालून एक लांबलचक कागद काढला, पट्टीनं रेघा मारलेला. "मी तीस वर्षं मुलांना भागीदारीची गणितं शिकवली. अ, ब आणि क यांनी मिळून धंदा सुरू केला. अनं इतकं भांडवल घातलं, बनं इतकं, कनं इतकं. नफा कसा वाटावा? डोळे मिटून सांगते मी." तिनं चष्मा काढून पुसला. "पण त्याच धड्यात पुढचं उदाहरण असायचं. क हा धंदा सांभाळतो, म्हणून व्यवस्थापनाबद्दल त्याला नफ्याचा अमुक भाग आधी द्यायचा, आणि मग उरलेला वाटायचा. दरवर्षी फळ्यावर सोडवून दाखवायची मी ते. आणि माझ्या घरात, माझ्या टेबलाशी, नऊ वर्षं ते वाक्य मी वाचलंच नाही. माझं गणित चुकलं, मधले."

ताईच्या तोंडून हे वाक्य आजवर कुणी ऐकलं नव्हतं. भावोजींचा कप तोंडाशी जाता जाता थांबला.

छोटी म्हणाली, "माई, सहा महिन्यांत मला ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली. माझ्याच दुकानातली. एक नळ, एक पंप आणि एक ट्रम्पेट. तू नऊ वर्षं हे हसत हसत कसं केलंस?"

माई तर नुकसान भरून द्यायला आली होती. "मला ते काम वाटलंच नाही," ती म्हणाली.

"खोटं बोलू नकोस," ताई म्हणाली. "एकदाही वाटलं नाही?"

माईनं कपाकडे बघितलं. "चौथ्या वर्षी वाटलं होतं. भिंतीच्या वेळी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू वही मिटलीस."

मग सगळ्यांत आधी भावोजींना हसू फुटलं. चहा नाकात गेला, ते ठसकले, छोटी त्यांच्या पाठीवर थापट्या मारायला उठली आणि तिलाही हसू आवरेना. ताई थोडा वेळ गंभीर राहिली. तिचे डोळे भरून आले होते. मग तिनं वही उचलली आणि सगळ्यांच्या देखत सताड उघडी करून टेबलाच्या मधोमध ठेवली. "आता बोल. आज मिटणार नाही."

मग जे झालं ते बाजारातल्यासारखं झालं, फक्त उलट्या दिशेनं. ताई म्हणाली, दरवर्षी नफ्यातला चौथा भाग आधी माईचा, मग वाटणी. माई म्हणाली, दहावा पुष्कळ झाला. छोटी म्हणाली, तिसरा, आणि वर पेट्रोल.

"माझ्याकडे सायकल आहे," माई म्हणाली.

"मग वर तेल आणि पंक्चर."

"बारावा," माई म्हणाली.

"अगं, तू खाली काय येतेस? दहाव्यावरून बाराव्यावर?" ताई कावली. "घासाघीस कशी करतात हेसुद्धा येत नाही हिला."

पाव तास ही ओढाताण चालली. शेवटी भावोजी, ज्यांना दहा वर्षांत या टेबलाशी बोलायची परवानगी नव्हती, ते हळूच म्हणाले, "पाचवा भाग. आणि तो माईचा नाही, जी त्या वर्षी घर सांभाळेल तिचा. म्हणजे माईला पुन्हा कुठे दिवे लावायला जायचं असलं तर तिला अपराधी वाटायला नको."

तिघींनी त्यांच्याकडे बघितलं. ताईनं वहीत लिहून घेतलं. "इतकी वर्षं आत बसून पेपर वाचत होतात होय," ती म्हणाली, आणि भावोजी इतके खूष झाले की पुन्हा चहा ठेवायला गेले.

राहिली मागची नऊ वर्षं. छोटीनं पर्समधून चेक काढला, आधीच लिहिलेला. माईनं तो हातात न घेता तिच्याकडे सरकवला.

"हे नको. मी तेव्हा बिल लावलं नव्हतं. ते ट्रम्पेट, ते नळ, त्या पोस्टमास्तरांच्या गप्पा, मला त्यात मजा आली होती. आता त्याची किंमत लावलीत तर मागची मजा पण मजुरी होऊन बसेल."

"आणि चौथं वर्ष?"

"ते तुम्ही आज ऐकून घेतलंत. फिटलं."

छोटी चेककडे बघत बसली. मग एकदम तिनं मान वर केली. "माई, तू भाड्यानं राहतेस."

"हो. छापखान्यामागे. तुला माहीत आहे."

"माहीत आहे गं. पण म्हणजे, तुझ्या मालकीचं घर आहे, त्यात दुसरा मजला रिकामा पडलाय, आणि तू दर महिन्याला दुसऱ्याला भाडं देतेस. दहा वर्षं. आपल्यापैकी कुणाच्याही डोक्यात हे कसं आलं नाही?"

खरोखरच आलं नव्हतं. माईच्याही नाही. भाड्याचं घर म्हणजे भाडेकरूंसाठी, असंच तिघींच्या डोक्यात बसलं होतं.

"आले तर भाडं देऊन येईन," माई म्हणाली. "फुकट राहणार नाही."

ताईचं पेन आधीच चालायला लागलं होतं. "फुकट कोण म्हणतंय? मागच्या नऊ वर्षांचे पैसे तू हातात घेत नाहीस, तर ते भाड्यात वळते होतील. मी कामांचे दर आजचे नाही, त्या त्या वर्षाचे धरलेत. आता तू भाडं दिलं नाहीस तर त्यातला सहावा भाग तुझाच बुडणार, म्हणून तेही धरायला हवं." तिनं रेघ मारली. "चार वर्षं आणि साडेतीन महिने. त्यानंतर इतरांसारखं भाडं."

"साडेतीन महिने कशाला, चार वर्षं धर की."

"चार वर्षं आणि साडेतीन महिने," ताई म्हणाली. "तो सहावा भाग धरला नसता तर तीन वर्षं सात महिन्यांतच संपलं असतं. मला पुन्हा चुकायचं नाही."

माई उठली आणि ताईच्या गळ्यात पडली, जे या घरात फारसं होत नसे. ताई ताठ बसून राहिली, मग तिचा हात माईच्या पाठीवर आला, आणि छोटीनं केक कापायला घेतला.

पंधरवड्यानं माईनं सामान हलवलं. सामान ते काय, पण गादी मोठी होती, आणि ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जिन्यात अडकली. वरून ताई ओढतेय, खालून छोटी ढकलतेय, मध्ये माई दोन्हीकडे सूचना देतेय, आणि गादी इंचभर हलायला तयार नाही. आवाज ऐकून बेकरीवाली नवऱ्यासकट बाहेर आली. पोस्टमास्तर आपल्या दारातून, आपल्या खास आवाजात, आधी गादी उभी करा असं सांगायला लागले. कुणी ऐकलं नाही. शेवटी तिघी बहिणी दमून तिथेच, वाकलेल्या गादीवरच बसल्या, एकीच्या वर एक अशा तीन पायऱ्यांवर. बेकरीवाला खाली जाऊन गरम पाव घेऊन आला. पोस्टमास्तरांनी लोण्याची डबी दिली. जिन्यात उभ्याउभ्या, बसल्याबसल्या सगळ्यांनी खाल्लं. मग गादी पोस्टमास्तरांनी सांगितल्याप्रमाणे उभी केली, आणि ती सहज वर गेली. पुढचा आठवडाभर ते हे सगळ्यांना सांगत होते.

माईनं पुढच्या महिन्यात गच्चीवरची खोली साफ केली, जिथे आजवर तिची हत्यारं आणि रद्दी पडलेली असायची. भिंतींना जाड पुठ्ठा आणि वर कापड लावलं, खिडकीला दुहेरी काच, दोन चांगले दिवे, एक पंखा. मग ती सायकल काढून ट्रम्पेटच्या मास्तरांकडे गेली. ते कुठल्याशा गोदामामागे राहत होते आणि रुमाल कोंबून वाजवत होते.

"तुमच्यासाठी खोली केलीय," ती म्हणाली. "आवाज खाली येत नाही. मी स्वतः रेडिओ लावून तळमजल्यावर जाऊन बघितलंय."

"पण त्या बाई," मास्तर चाचरले. "लाटणं."

"त्यांनीच निरोप दिलाय. तुम्ही गेल्यापासून त्यांना संध्याकाळी करमत नाही म्हणाल्या. फार शांत वाटतं म्हणे."

मास्तर आले. गच्चीच्या खोलीचं भाडं आता वर्षाच्या बेरजेत भरीला पडलं. माईनं दुसऱ्या मजल्याच्या स्वयंपाकघराची खिडकी मोठी करून घेतली आणि तिथे एक टेबल मांडलं. पुढच्या वर्षीची रविवारची बैठक तिथेच झाली. चहा भावोजींनीच केला, पण बसून, सगळ्यांच्या बरोबर प्यायला. पाकिटं मागच्या वर्षीपेक्षा जाड होती, तिन्ही.

त्या दिवशी निघताना छोटी दारात घुटमळली. बुधवारी तिचं दुकान बंद असतं. त्या दिवशी येऊन आपणही काही शिकावं असं तिला वाटत होतं. पंप, फ्यूज, असलं काहीतरी. मोटारवाल्यानं फसवल्याचं तिच्या अजून डोक्यातून गेलं नव्हतं.

तेव्हापासून ती दर बुधवारी येते, महागाचा चष्मा कपाळावर चढवून. माई तिच्या शेजारी स्टुलावर बसते आणि हातातलं काढून घ्यायचा मोह आवरते. मागच्या महिन्यात छोटीनं पोस्टमास्तरांच्या पंख्याचा रेग्युलेटर एकटीनं बदलला. सव्वा तास लागला. पंखा फिरला तेव्हा ती स्टुलावरून उतरून सगळ्या खोल्यांतून एक चक्कर मारून आली, मग ताईला फोन लावला.

"ताई, मी रेग्युलेटर बदलला. पाचव्या भागातलं मला किती?"

"शिकाऊ उमेदवाराला काही नाही," ताई म्हणाली. मग जरा थांबून, "मेन स्विच आधी बंद केला होतास ना?"

"माईनं तीनदा विचारलं तेच."

"मग मी चौथ्यांदा विचारते."

"केला होता," छोटी म्हणाली, आणि पंख्याखाली उभी राहून, मान वर करून, पाती फिरताना बघत राहिली.